नाशिकची बदली : माधवराव रानड्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण (१८७८-७९)

मी नववीत असताना वडिलांची बदली झाली. ते सरकारी खात्यात होते, कुठल्या ते सांगत नाही. एका फाइलवर त्यांनी जे खरं होतं ते लिहिलं आणि महिन्याभरात ऑर्डर आली, कारण लिहिलं होतं 'प्रशासकीय सोय'. मग दोन-अडीच वर्षं ते शनिवारी एसटीने नाशिकला यायचे आणि रविवारी रात्री परत जायचे. एकदा त्यांच्याबरोबर आम्ही त्यांच्या बदलीच्या गावी जात होतो, गाडी निफाडला थांबली, तेव्हा खिडकीतून बोट दाखवून ते म्हणाले, इथे न्यायमूर्ती रानडे जन्मले, त्यांची पण अशीच बदली केली होती सरकारने, आणि कुठे, तर आपल्या नाशिकला. बस एवढंच बोलले. मला तेव्हा काही कळलं नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं आणि पुढे वकिली करायला लागल्यावर या प्रकरणाचा मी अक्षरशः नाद घेतला.

आपल्या नाशिकला क्रांतिकारकांचं गाव म्हणून ओळखतात आणि ते बरोबरच आहे. भगूरचे सावरकर, १९०९ सालचा जॅक्सनचा वध, अनंत कान्हेरे, हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह माहीत असतो. पण मवाळांचे, नेमस्तांचे जे मूळपुरुष म्हणावेत ते जिल्ह्यातल्या निफाडला जन्मले आणि त्यांच्या नोकरीतला सगळ्यात अवघड काळ याच शहरातून सुरू झाला, हे कोर्टातल्या वकिलांना विचारलं तरी दहातल्या आठांना माहीत नसतं (मी विचारून बघितलंय). म्हणून हे सगळं प्रकरण एकदा नीट लिहून काढतोय.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे, जन्म १८ जानेवारी १८४२. वडील सरकारी नोकरीत, पुढे कोल्हापूर संस्थानात गेले म्हणून शाळा कोल्हापूरला, मग मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं, १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला जे २१ जण पास झाले त्यात हे, १८६२ ला जे पहिले बीए झाले त्यातही हे, मग एमए, मग १८६६ ला एलएलबी. वाचून वाचून डोळे कायमचे अधू करून घेतले. भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, एल्फिन्स्टनला इंग्रजीचे प्रोफेसर असं करत करत १८७१ च्या अखेरीला पुण्यात फर्स्ट क्लास सबॉर्डिनेट जज म्हणून आले. वय फक्त २९.

आता इथून खरं प्रकरण चालू होतं.

पुण्यात आदल्याच वर्षी, १८७० ला, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा निघाली होती. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका हे तिचा चेहरा आणि रानडे आले तसे ते तिचा मेंदू झाले. सरकारी नोकर असल्याने नाव पुढे नाही, पण अर्ज कोणी लिहिला, आकडे कोणी जुळवले, हे पुण्यात सगळ्यांना माहीत होतं आणि सरकारलाही माहीत होतं. १८७५ ला बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढलं तेव्हा सभेने तारा केल्या, त्याच वर्षी दख्खनचे दंगे झाले, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, आणि मग १८७६ चा मोठा दुष्काळ आला.

दुष्काळाचं जरा सविस्तर सांगतो कारण बदलीचं मूळ माझ्या मते तिथे आहे. दुष्काळी कामांवर मजुराला किती धान्याएवढी मजुरी द्यायची हा तेव्हाचा जिवंत प्रश्न होता. सर रिचर्ड टेम्पल हे हिंदुस्थान सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी म्हणून फिरत होते आणि १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, म्हणजे साधारण अर्धा किलोच्याही आत, आणि तेवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची. त्याला 'टेम्पल वेज' असं नावच पडलं. लोक कामं सोडून निघून गेले, हजारोंनी गेले. सार्वजनिक सभेने आपली माणसं गावोगाव धाडली, माहिती गोळा केली, आणि सरकारला पत्रांवर पत्रं पाठवली की या मजुरीत माणूस जगत नाही. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत, फक्त तालुका, गाव, पाऊस, पीक, भाव, मजुरी. सरकारला सगळ्यात जास्त झोंबतो तो असा कागद, हे कोर्टात काम केलेल्या कोणालाही पटेल, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि याच टेम्पल साहेबांची १८७७ च्या उन्हाळ्यात मुंबईचे गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली.

वर्ष उलटतं न उलटतं तोच, १८७८ ला, रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली.

कागदावर ही बदली नियमाने झालेली, त्यात कोणी चूक काढू शकणार नाही. पद तेच, पगार तोच. पण पुण्यातून उचललं की सभेपासून तुटतील हा हिशोब होता, असं त्यांच्या जवळचे लोक मानत होते आणि मलाही पुढचं मागचं जुळवून तेच पटतं. आता बघा नाशिकला आल्यावर या माणसाने काय केलं. त्याच १८७८ साली सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघायला लागलं आणि त्यातला बराच मोठा मजकूर रानड्यांचाच असायचा. त्याच वर्षी ११ मे ला पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं, ते भरवणारे लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख आणि रानडे. हेच आपल्या मराठी साहित्य संमेलनाचं मूळ, आणि २०२१ ला ९४ वं संमेलन नाशिकला झालं तेव्हा मला सारखं वाटत होतं की कोणीतरी स्टेजवरून सांगावं, अहो या गावात ते जज म्हणून होते त्या काळातली ही गोष्ट आहे. लोकहितवादी स्वतःसुद्धा तेव्हा नाशिकला जॉइंट जज होते, म्हणजे दोन मोठी माणसं एकाच वेळी आपल्या गावच्या कोर्टात.

आणखी एक गोष्ट, जी मला वैयक्तिक सगळ्यात आवडते. रानड्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा १६ वर्षांच्या. लग्नानंतर रानडे त्यांना रोज रात्री शिकवत होते आणि पुण्याच्या घरात बायकांच्या टोमण्यांमुळे ते शिकणं म्हणजे एक परीक्षाच होती. नाशिकला बिऱ्हाड स्वतंत्र झालं आणि त्यांना मोकळा श्वास मिळाला. त्यांचं पहिलं जाहीर भाषण नाशिकला झालं, शाळेच्या समारंभात, मजकूर रानड्यांनी लिहून दिलेला. पुढे पुण्याच्या सेवासदनमधून हजारो बायकांना उभं करणाऱ्या रमाबाईंनी लोकांसमोर तोंड उघडलं ते गोदाकाठच्या या गावात, आणि ते सुद्धा सरकारने नवऱ्याला शिक्षा म्हणून पाठवलेल्या गावात!

मग आलं १८७९. वासुदेव बळवंत फडके, लष्करी हिशोबखात्यातले कारकून, यांनी रामोशी वगैरे मंडळी घेऊन बंड उभारलं. रानड्यांची देशाच्या व्यापाराची आणि दारिद्र्याची व्याख्यानं पुण्यात झाली होती, ती ऐकणाऱ्यांत फडके होते. झालं, एवढा धागा पुरला. त्यात १३ मे ला पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटला. सरकारची पक्की समजूत झाली की हे सगळं पुण्याच्या ब्राह्मणांचं कारस्थान आणि त्यामागे डोकं कोणाचं, तर माधवरावांचं. टेम्पलने त्याच जुलैमध्ये व्हाइसरॉय लिटनला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात तो म्हणतो की पश्चिम हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांइतकी चिवट आणि लांबवर नजर असलेली राजकीय महत्त्वाकांक्षा मी कुठेच पाहिली नाही आणि तिचं समाधान करणं आपल्याला अशक्य आहे. अशा मनःस्थितीत राज्यकर्ता असला की पुराव्याची गरज कोणाला पडते? (वाड्यांच्या आगीचं पुढे कोर्टात निघालं ते वेगळंच, आतल्याच माणसांनी स्वतःचा गैरव्यवहार झाकायला लावलेली आग, फडक्यांचा संबंध नाही.)

त्याच सुमाराला रानड्यांना नाशिकहून हलवून धुळ्याला टाकलं. आज आपण आग्रा रोडने चांदवड, मालेगाव करत तीन तासात धुळ्याला पोचतो, तेव्हा धुळ्याला रेल्वे गेली नव्हती. खानदेशचा उन्हाळा, पुणं आणखी लांब, आणि सगळ्यात वाईट म्हणजे टपाल. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत हे सगळं आहे. पत्रं यायची ती आधीच फोडून परत चिकटवलेली. घरातल्या बाईला पण दिसायचं की कोणीतरी आधी वाचलंय. त्याशिवाय बंडवाल्यांच्या नावाने पत्रं यायला लागली, आज अमुक ठिकाणी जमायचं, तमुक ठिकाणी दरोडा घालायचा, असली. म्हणजे सापळा. असं पत्र घरात ठेवलं तर तुम्ही सामील, फाडून टाकलं तर पुरावा नष्ट केला, उत्तर दिलं तर संपलंच.

इथे थोडं थांबून त्यांच्यापुढे काय काय रस्ते होते ते बघू, कारण माझ्या ऑफिसमधल्या दोन्ही ज्युनियर पोरांना मी हेच विचारलं होतं. मुलगा लगेच म्हणाला राजीनामा द्यायचा. वकिलीत जास्त पैसे मिळाले असते, १८७१ ला ॲडव्होकेटची परीक्षा पण पास झालेले होते, म्हणजे उपाशी मरायची वेळ नव्हती. मुलगी म्हणाली, नाही सर, राजीनामा दिला तर सरकार म्हणणार बघा, दोषी होता म्हणून गेला. ती म्हणाली सरकारला कडक पत्र लिहायचं की माझी पत्रं का फोडता. आणि तिसरा रस्ता, जो बहुतेक माणसं घेतात, म्हणजे सभा सोडायची, लिहिणं बंद करायचं, साहेबांच्या बंगल्यावर जाऊन दोन शब्द गोड बोलायचे आणि पुण्याला परत यायचं.

रानड्यांनी यातलं एकही केलं नाही. ती बनावट पत्रं जशीच्या तशी, पाकिटासकट, पोलिसांकडे पाठवून दिली. कोर्टाचं काम वेळेवर. फोडलेल्या पत्रांबद्दल तक्रार नाही. लिहिणं चालू. धुळ्यातलेच एक इंग्रज अधिकारी त्यांच्याशी ओळख वाढवून होते, बरोबर फिरायला यायचे, आणि काही आठवड्यांनी त्यांनीच सांगितलं की तुमच्याबद्दलचा संशय फिटला, आता तुमची पत्रं कोणी फोडणार नाही. विचार करा, म्हणजे टपालात काही सापडलं नाही म्हणून शेवटी पाळत ठेवणाऱ्यालाच बोलावं लागलं. जुलै १८७९ ला फडके पकडले गेले, त्यांचा खटला पुण्यात चालला तेव्हा त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं, तर सभेचे सार्वजनिक काका जोशी यांनी. ज्या सभेवर सरकारचा डोळा त्याच सभेचा माणूस उघडपणे आरोपीच्या बाजूने उभा राहिला, हे पण या प्रकरणाचाच भाग आहे असं मी मानतो. फडक्यांना एडनला पाठवलं, तिथेच १८८३ ला ते गेले.

आता यात 'नेमस्त' काय आणि 'घाबरट' काय? लोक हे दोन शब्द एकात एक घालतात आणि त्याचा मला खरंच त्रास होतो. घाबरलेला माणूस त्रैमासिकात लिहिणं आधी बंद करेल. रानड्यांनी स्वतःवर झालेल्या अन्यायावर एक शब्द खर्च केला नाही पण दुष्काळ, सारा, जमीन, व्यापार यावर पानंच्या पानं लिहिली. म्हणजे स्वतःची केस त्यांनी लढवलीच नाही, लोकांची सोडली नाही. माझ्या वडिलांना हेच म्हणायचं असावं, ते बदलीच्या गावी बसून त्या खात्याविरुद्ध अर्ज करत बसले नाहीत पण फाइलवर खरं लिहायचं पण सोडलं नाही.

कायद्याच्या बाजूने पण बघायला हवं. तेव्हा खालच्या कोर्टातल्या जजची नेमणूक, बदली सगळं गव्हर्नरच्या हातात, म्हणजे ज्या सरकारवर हा माणूस टीका करतोय तेच सरकार त्याला उचलून कुठेही टाकू शकत होतं आणि दाद मागायची सोयच नव्हती. आज घटनेच्या कलम २३५ मुळे जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांवरचं नियंत्रण हायकोर्टाकडे आहे. नाशिकच्या सिव्हिल जजची बदली मंत्रालयातून होत नाही, हायकोर्टातून होते. ही केवढी मोठी गोष्ट आहे ते १८७९ चं धुळं डोळ्यासमोर आणल्याशिवाय कळत नाही. आणि तरी बदलीचं हत्यार संपलेलं नाही, आणीबाणीत १९७६ ला हायकोर्टांच्या १६ न्यायाधीशांना एकदम इकडून तिकडे केलं होतं, त्यातले गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ कोर्टात गेले आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टात त्यावर निकाल झाला. शेठ यांना कोर्टाचं दार तरी ठोठावता आलं. रानड्यांपुढे दारच नव्हतं, म्हणून त्यांच्या गप्प बसण्याला आजच्या मापाने मोजू नका एवढंच माझं म्हणणं.

पण मी त्यांचा भक्त होऊन लिहीत नाहीये. याच स्वभावाची दुसरी बाजू आहे आणि ती बघितली नाही तर अभ्यास कसला? ऑक्टोबर १८७३ ला पहिली पत्नी गेली. विधवा विवाहाचा हा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता, आता तरी विधवेशी लग्न करेल असं सगळ्यांना वाटत होतं. वडिलांनी हट्ट धरला आणि दोन महिन्यात ११ वर्षांच्या मुलीशी, म्हणजे रमाबाईंशी, लग्न लागलं. त्या मुलीचं पुढे सोनं झालं हे खरं, पण ते आपण आज मागे वळून बघतो म्हणून. मग १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा पिण्यावरून पुण्यात रान उठलं, आणि १८९२ ला रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, मित्रांच्या घरात तेढ पडू नये म्हणून. सुधारकांना केवढा धक्का बसला असेल!

नाशिक-धुळ्याचं प्रकरण आणि ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की मला एक फरक दिसतो. सरकारने छळलं तेव्हा किंमत ते स्वतः मोजत होते, तिथे ते तसूभर हलले नाहीत. वडील, मित्र, त्यांच्या घरातली माणसं दुखावतील अशी वेळ आली की ते वाकायचे, आणि मग किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजायचं, १८७३ ला ती एका लहान मुलीने आणि समस्त विधवांनी मोजली. त्यांचा नेमस्तपणा स्वतःच्या अंगावर घेतलेला असला की तो मला फार थोर वाटतो, दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला असला की नाही वाटत.

पुढचं करिअर झटपट सांगतो. टेम्पल १८८० ला गेले. १८८१ च्या जानेवारीत रानडे मुंबईला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट, मग परत पुणे, शेतकऱ्यांच्या कर्जाचा १८७९ चा जो कायदा झाला त्याखालचे स्पेशल जज म्हणून गावोगाव फिरले, १८८५ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात, आणि १८९३ ला न्यायमूर्ती तेलंग वारल्यावर त्यांच्या जागी हायकोर्टाचे न्यायमूर्ती. ज्याची पत्रं फोडली त्यालाच चौदा वर्षांनी त्याच सरकारने हायकोर्टात बसवलं. १८९५ ला सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली तेव्हा भांडत बसले नाहीत, १८९६ ला डेक्कन सभा काढली आणि तिच्या जाहीरनाम्यात उदारपणा आणि नेमस्तपणा हीच आपली ओळख असं लिहिलं. नेमस्तपणा म्हणजे काय तेही तिथेच आहे, अशक्य आणि फार लांबच्या गोष्टींमागे उगाच धावायचं नाही, जवळचं पाऊल आहे ते रोज टाकायचं, असा त्याचा आशय.

आणि १८९७ चा एक प्रसंग आहे, जो मला अजून झोपू देत नाही. टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, जामिनाचा अर्ज मॅजिस्ट्रेटने फेटाळला, मग हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यासमोर गेला आणि त्यांनीही जामीन दिला नाही. थोड्याच दिवसांनी, ऑगस्टमध्ये, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. राजद्रोहाच्या नुसत्या संशयाने काय होतं हे धुळ्यात भोगलेला माणूस त्या खुर्चीवर होता. बेंच दोघांचं होतं, अर्ज नव्याने करायला वाव ठेवला होता, हे सगळं मला माहीत आहे, वकील म्हणून मी त्याची बाजू पण मांडू शकतो. तरी माझं मत असं की इथे ते चुकले. धुळ्याची आठवण ठेवून दिलेला जामीन हा काही पक्षपात झाला नसता.

टिळकांनी मात्र जानेवारी १९०१ ला रानडे गेले तेव्हा केसरीत जे लिहिलं ते मृत्युलेखांत फार वरच्या दर्जाचं आहे. महाराष्ट्र थंड गोळा होऊन पडला होता, त्याला ऊब देऊन पुन्हा जिवंत कसा करायचा याचा रात्रंदिवस विचार या माणसाने केला, असा त्याचा भाव. आयुष्यभर भांडलेल्या आणि जामीन नाकारला गेलेल्या माणसाने लिहिलेलं!

गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला चालते ना, तिथे गेलो की मी बाजूच्याला सांगतो की ही व्याख्यानमालेची कल्पना पुण्यात १८७५ ला रानड्यांनी चालू केली आणि तीनच वर्षांत त्यांना इथे आणून टाकलं. मागच्या खेपेला माझी ती ज्युनियर मुलगी बरोबर होती, तिने विचारलं, सर, इथे कुठे राहायचे ते? मला सांगता आलं नाही. आता जुने कागद कुठे मिळतात ते ती शोधतेय, सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात केली आहे, ते १८४० सालचं आहे म्हणजे रानड्यांच्या आधीपासून इथे आहे.